घासलेला नंबर

वलगावच्या अलीकडे गाड्या सोडल्या होत्या. संत्र्यांच्या टोपल्या पहाटे बडनेऱ्याच्या मालगाडीत चढवायच्या होत्या आणि बैलांना दोन तास विसावा हवा होता. शेकोटीभोवती बसलेल्या पोरांपैकी कुणीतरी म्हणालं, भूतबित सगळं थोतांड आहे. किसनराव मुन्शी नुसते हसले. साठी ओलांडलेला माणूस. उभी हयात अमरावतीत वकिलाचे कागद लिहिण्यात गेली आणि म्हातारपणी त्यांनी संत्र्यांचा बगीचा केला. जे कागदावर नाही ते झालंच नाही, असं मानणाऱ्यांपैकी ते होते.

"भूत मी पाह्यलं नाही बाप्पा," ते म्हणाले. "पण शेषराव मिस्त्रीले मी वळखत होतो. त्याचं काय झालं ते ऐका, मंग ठरवा."

आणि त्यांनी सांगितली ती गोष्ट अशी.

शेषराव मिस्त्री अमरावतीत अंबागेटच्या आत राहत. पुढे दुकान, मागे घर. अकरा वर्षं कामठीच्या छावणीत बंदुका दुरुस्त करून आलेला हा माणूस. रानडुकरांसाठी परवान्याची बंदूक बाळगणारे गावोगावचे पाटील त्यांच्याकडेच यायचे, आणि कचेरीत आलेलं एखादं हत्यार कुठलं, कधीचं, कुणाचं हे ठरत नसलं की तेही त्यांच्याचकडे यायचं. मिस्त्री बंदूक हातात घेत आणि सोयरीक जुळवायला बसल्यासारखे तिला विचारत, "कोनाची वं तू? माहेर कोनतं तुहं?" नळीवरचा मुकुट, मुकुटाखालची अक्षरं, फौजेचा बाण, कारखान्याचं नाव आणि नंबर. पाच मिनिटांत तिचं कूळ सांगून मोकळे. माणूस नाव बदलतो, लोखंडाला ते जमत नाही, असं ते म्हणत. या विद्येचा त्यांना गर्व होता आणि तो त्यांना शोभायचाही.

साल एकोणीसशे बत्तीस. दिवाळी होऊन महिना होत आला होता. शनिवारी संध्याकाळी नत्थुजी शिपाई लाखेचा शिक्का मारलेलं एक पुडकं घेऊन दुकानात आला. सोमवारी अकरा वाजता हे पुडकं, आत काय आहे त्याच्या लेखी अहवालासह, कोर्टात हजर करायचं होतं. तोवर नत्थुजीनं ओट्यावर पहारा द्यायचा, असा हुकूम. नत्थुजी पेन्शनीला टेकलेला, भला माणूस. त्यानं कांबळं अंथरलं, पानाची चंची काढली आणि तो ओट्यावर घरच्यासारखा बसला.

पुडक्यात शेंदराचा एक गोळा निघाला. वर्षानुवर्षं तेलशेंदूर चढून चढून तो नारळाएवढा झालेला. एका बाजूनं मात्र लोखंडी नळीचं तोंड बाहेर डोकावत होतं.

हकिगत अशी होती. परतवाड्याला जुन्या फौजेच्या छावणीत पडक्या बंगल्यामागे सहदेव नावाच्या माळ्याची भाजीची बाग होती. पोरगा चोवीस वर्षांचा, विधवा आईचा एकुलता एक. वांगी, मेथी, थोडा झेंडू, एवढाच त्याचा पसारा. खंडेनवमीला त्यानं रिवाजाप्रमाणे खुरपी, विळे, फावडी धुऊन पूजेला मांडली आणि विहिरीजवळ बसवलेला हा शेंदरी देवही उचलून त्यांच्या मधोमध ठेवला. प्रसादाला आलेल्या कुणाला तरी ते नळीचं तोंड दिसलं. बात ठाण्यापर्यंत गेली. नेमकं सप्टेंबरात एका फौजी साहेबाच्या सामानातून त्याच्या आज्याच्या वेळचं एक रिव्हॉल्व्हर चोरीला गेलं होतं, आणि तेही जुन्या घडणीचं, पाच गोळ्यांच्या घरांचं. दिवस असे होते की खेड्यात रिव्हॉल्व्हर सापडलं म्हटलं की साहेबलोकांची झोप उडायची. चोरीचा माल लपवायलाच वर शेंदूर थापला, असं ठाण्यानं धरलं आणि सहदेवाला बेड्या पडल्या.

त्याचं वकीलपत्र महादेवरावांनी घेतलं. किसनराव त्यांचेच मुन्शी. महादेवरावांनी परतवाड्याच्या एका जुन्या फौजी कारकुनाच्या घरून एक यादी शोधून आणली. चाळीस वर्षांपूर्वी त्या छावणीतून हरवलेल्या हत्यारांची ती यादी होती, आणि तिच्यात पाच घरांची तीन रिव्हॉल्व्हरं नंबरांसकट लिहिलेली होती. सहदेवाकडचं हत्यार त्या तिन्हींपैकी एक निघालं तर ते त्याच्या जन्माआधीचं ठरत होतं. मग बिनपरवान्याचा किरकोळ दंड आणि पोरगा घरी. नाही तर पाच-सात वर्षं सक्तमजुरी. सगळं त्या नंबरावर अडलं होतं. ते तीन आकडे महादेवरावांनी मिस्त्रींना मुद्दाम सांगितले नाहीत. "उद्या कुनी म्हनाले नको का वकिलानं पढवून ठेवलं," ते म्हणाले होते. सरळ माणूस होता तो.

शनिवारीच रात्री मिस्त्रींनी रॉकेल आणि पितळी ब्रश घेऊन शेंदूर उतरवला. खोळ दोन तुकड्यांत सहज निघून आली. शेंदूर आणि जुनं तेल, दुसरं त्यात काय असणार? मिस्त्रींनी ते तुकडे भट्टीत टाकले. भडकून छान जळाले.

आतलं हत्यार मात्र सुरेख होतं. नळी आणि सांगाडा एकाच लोखंडात घडवलेला, पाच घरांचं चक्र, चक्रावर लंडनचे मुकुट. मूळ ठासणीचं, मागून काडतूस घालता यावं म्हणून नंतर बदललेलं. मिस्त्रींनी सगळी निशाणी पाटीवर उतरवली. फक्त नंबराची जागा कुणीतरी कानशीनं घासून सपाट केली होती. तसाच चक्रावरचाही. मिस्त्रींना त्याचं काही वाटलं नाही. असले घासलेले नंबर त्यांनी पाच-पन्नास वेळा वर काढले होते.

रविवारी दुपारी परतवाड्याच्या सर्व्हिस मोटारीनं एक बाई आली. नऊवारी लुगडं, पायांत काही नाही, हातात झेंडूच्या फुलांची पिशवी. रित्या हातानं कसं यायचं म्हणून आणलेली.

"मी जयवंता जी. सहदेवची माय."

मिस्त्रींच्या बायकोनं, दुर्गाबाईनं, तिला पाणी दिलं. ती पाणी प्यायली आणि उंबऱ्याबाहेरच टेकली.

"नंबर निंघते का जी?"

"निंघते बाई. कानशीनं वरचं घासल्या जाते. पन ठोकलेला ठसा आत दबून राह्यते. तेजाब लावलं का तो वर येते. उद्या कोर्टाचा साहेब सोता भिंगातून पाहीन."

तिचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात तिची नजर फडक्यावरच्या उघड्या हत्यारावर गेली आणि तिनं लगेच दुसरीकडे पाहिलं.

"खोळ काढली तुमी."

"काढल्याबिगर नंबर कसा दिसन?"

"नाही जी, काढाचीच होती. माह्या पोराच्या जिवाचा सवाल हाये." मग खाली मान घालून सांगू लागली. "माह्या सासऱ्यानं हीर खंदली तवा हे निंघालं. संगं एक कानस होती, जंगलेली. त्या रातीपासून बागेत घासल्याचा आवाज येत राह्ये. खर्र, खर्र. तीन राती कोनी झोपलं नाही. मंग भगतानं सांगतलं, याले शेंदूर लावून बसवा. बसवला. तवापासून गप हाये. दर अवसेले एक अंडं अन् एक बिडी ठेवतो आमी."

"कोनाले?"

"मले काय ठाव जी कोनाले. गोरा होता का काळा होता, कोनी पाह्यला?" आणि मग ती मुद्द्यावर आली. "खोळ मले द्या. खोळ वाहत्या पान्यात शिरवली का तो तिच्यासंगं जाते. नाही शिरवली तं मोकळा होते. आज अवस हाये. मी सांजच्या मोटारीनं जाते अन् बिच्छन नदीत सोडते."

शेषराव मिस्त्रींनी भट्टीकडे पाहिलं. भट्टीत राख होती, आणि त्या राखेवर सकाळी नवा कोळसा टाकून त्यांनी दोन नांगरांचे फाळ तापवून पाजळले होते. तेव्हाच खरं बोलून टाकायला हवं होतं. पण समोर आई बसली होती, तिच्या पोराचा जीव टांगणीला होता, आणि आपण तिचा देव जाळला हे सांगायला जीभ रेटेना. आणि खरं सांगायचं तर त्यांचा या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता.

"खोळ पंचनाम्यात हाये बाई," ते म्हणाले. "कोर्टातून सुटली का तुमाले भेटन."

सरकारी शब्द आला तसं तिनं मान हलवली. विश्वास ठेवला. सांजची मोटार तिनं धरली नाही. सोमवारी कोर्टात खोळ हाती यायची होती, म्हणून ती अंबादेवीच्या देवळात मुक्कामाला गेली.

रविवार. कार्तिकी अमावस्या. कचेरीचे नऊ टोल पडले तेव्हा दुर्गाबाई मागच्या खोलीत झोपली होती. मिस्त्रींनी दुकानाची फळी लावली, आतून साखळी घातली. बाहेर ओट्यावर नत्थुजी खोकत होता. कंदिलाची वात मोठी केली, हत्यार शिकंज्याच्या जबड्यात धरलं आणि घासलेली जागा बारीक काचकागदानं आरशासारखी केली. मग तेजाबात मोरचूद विरघळवून त्यात कापसाचा बोळा बुडवला आणि तो बोळा त्या जागेवरून हलक्या हातानं फिरवायला लागले.

हे काम धीराचं आहे. तासभर नुसता बोळा फिरवायचा. आकडा आधी ओल्या जागेत सावलीसारखा दिसतो, पुसलं की जातो. तेजाब आणखी खोल गेलं की मग तो टिकतो, आणि टिकला तरच दुसऱ्याला दाखवता येतो. शिवाय ठोकलेल्या ठशाचा दाब लोखंडात फार खोल नसतो. दोन कागदांच्या जाडीइतका असेल. त्याखाली काहीच नाही.

अकराच्या सुमाराला पहिला आकडा उमटला. चार. त्याला लागून सात.

मिस्त्री खूश झाले. भिंग आणायला कपाटाकडे वळले.

खर्र.

मागे पाहिलं. कुणी नव्हतं. उंदीर असेल म्हणून ते भिंग घेऊन परत आले. आकडे नव्हते. त्या जागी तिरपा, ताजा, चकचकीत ओरखडा होता. शिकंज्याखाली फळकुटावर लोखंडाचा चिमूटभर कीस पडला होता. त्यांनी बोट लावून पाहिलं, कीस अजून कोमट होता. आणि दुकानातल्या कानशी, लहान-मोठ्या सातही, भिंतीवर आपापल्या खिळ्याला लटकत होत्या.

माणूस अशा वेळी स्वतःलाच काहीतरी समजावतो. मिस्त्रींनी समजावलं, की शिकंजा ढिला होता, हत्यार सरकलं. त्यांनी शिकंजा आवळला, जागा पुन्हा साफ केली, तेजाब थोडं कडक केलं. या वेळी ते तिथून हलले नाहीत. साडेबाराला चार आकडे एका ओळीत वर आले. चार, सात, एक, दोन. त्यांनी डाव्या हातानं बोळा फिरवत उजव्या हातानं अहवालाच्या कागदावर आकडे लिहून घेतले. ४७१२. पण कागदावर लिहिलेलं काय कामाचं? साहेबाला ते लोखंडात दिसायला हवं होतं. आणखी अर्धा तास हवा होता.

खर्र.

या वेळी ते बघतच होते. डोळ्यांसमोर, कंदिलाच्या उजेडात, चाराचा पाय गेला. त्या जागेवर ना कानस होती, ना हात. नुसता कीस खाली पडला.

खर्र… सातही अर्धा गेला.

त्यांनी हातानं जागा झाकली. आवाज थांबला. शेषराव मिस्त्री घामानं भिजले होते, आणि त्या अवस्थेतही त्यांच्यातला कारागीर जागा होता. कुणीतरी कधीकाळी हे हत्यार घेऊन त्या छावणीतून पळाला होता. आपली ओळख पटू नये म्हणून नंबर घासत बसला होता. काय केलं होतं त्यानं, कोण जाणे. काम पुरं झालं आणि तो तिथंच संपला. पण ज्याला आपलं कूळ पुसायचं होतं तो अजून पुसतोच आहे. आणि आपण ते वर काढतो आहोत.

त्यांनी हात जोडले. मोठ्यानं बोलायला धीर होईना, म्हणून पुटपुटले.

"बाबा, मले तुह्या नावाशी काही घेनं नाही. मी कोनाले सांगत नाही तू कोन. एका पोराचा सवाल हाये. उद्या बारा वाजेलोक राहू दे. मंग पुसून टाक."

बिडी पेटवून त्यांनी ती फळकुटाच्या कडेवर ठेवली. अंडं घरात नव्हतं. बिडी जळत गेली. दुकानात काही आवाज नाही. ते भट्टीपाशी गेले आणि हातांनी राख उकरली. खोळीचा एक कण तरी… शेंदराचा एक लाल कण. नव्हता. कोळशात कोळसा झाला होता.

बिडी संपली.

त्यांनी शेवटचा बोळा भिजवला. लोखंडात आता उरलं होतं ते अगदी तळचं. हे गेलं की गेलं. ते अंदाजानं नाही, बोटांना कळत होतं. दोन वाजता आकडे आले. फिके, पण चारही. त्यांनी हत्यार शिकंज्यातून सोडवलं, छातीशी धरलं आणि नंबरावर दोन्ही अंगठे दाबले. आता सकाळपर्यंत अंगठे काढायचे नाहीत. काहीही झालं तरी.

कपाटाच्या वरच्या खणात नंबर ठोकायचे ठसे होते. एक, दोन, चार, सात. त्यांच्याकडे त्यांचं एकदा लक्ष गेलं. पण ताजा ठोका ताजाच दिसतो. आणि खोटा नंबर त्यांनी आयुष्यात ठोकला नव्हता.

ते तसेच बसले.

खर्र…

अंगठ्याखाली.

दुखलं नाही. हेच वाईट होतं. नुसतं थंड. कानशीचे दाते अंगठ्यातून पलीकडे जात होते. लोखंडावर. परत. पुन्हा.

खर्र… खर्र…

त्यांनी आणखी दाबलं. जोर लावला. हाडं दुखली.

खर्र.

हाक मारावी म्हणून तोंड उघडलं. आवाज निघेना. टाच मागे घेऊन ओट्याच्या भिंतीवर मारली. एकदा. दोनदा. बाहेर नत्थुजी खाकरला.

"चालू द्या मिस्त्री," तो म्हणाला. "मले काई तरास नाही."

…

खर्र…

…

तीन टोल.

कुणी घाईत नव्हतं. एकेक ओरखडा सावकाश, पुरा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. चांगल्या कारागिराचा हात. मिस्त्रींना तेही कळत होतं. ते रडत होते आणि मोजत होते. चाराचे किती. साताचे किती.

चार टोल.

एक गेला. दोन गेला.

…

मग आवाज थांबला. काम झालं होतं.

सकाळी दुर्गाबाई मागच्या खोलीतून दुकानात आली तेव्हा मिस्त्री तसेच बसले होते. तिनं त्यांची बोटं एकेक करून सोडवली. नंबराची जागा काचेसारखी गुळगुळीत होती, थोडी आत गेलेली. तिनं साखळी काढली तसा नत्थुजी आत डोकावला, फळकुटावरचा कीस पाहिला आणि कौतुकानं म्हणाला, "लय मेहनत केली राजेहो. रातभर हात थांबला नाही तुमचा."

कोर्टात मिस्त्रींनी शपथेवर सांगितलं, की मी नंबर पाहिला, तो ४७१२ होता. महादेवरावांनी यादी पुढे केली. तिसऱ्या ओळीत ४७१२ होता. वकिलाचा चेहरा असा खुललेला किसनरावांनी त्याआधी कधी पाहिला नव्हता. पिंजऱ्यातल्या सहदेवाला इंग्रजी कळत नव्हतं, पण वकिलाचं तोंड पाहून तोही हसला.

साहेबानं भिंग मागितलं. बराच वेळ पाहिलं. भिंग खाली ठेवलं.

मग सरकारी वकिलानं नत्थुजीला उभं केलं. रात्री आत कोण होतं? मिस्त्री एकटेच. साखळी? आतून. काही ऐकलं? आणि नत्थुजी, जो आयुष्यात खोटं बोलला नव्हता, तेव्हाही खरंच बोलला. "हो जी. रातभर कानस चालत होती."

पुढचं सांगायला नको. खरा नंबर मिस्त्रीनं घासला आणि वकिलानं शिकवलेला आकडा कोर्टात सांगितला, असा अर्थ निघाला. दुसरा अर्थ निघणारच कसा? महादेवराव उठून उभे राहिले, म्हणाले मी आकडा सांगितला नव्हता, आणि ते म्हणतानाच त्यांना कळलं की हे कुणालाही खरं वाटणार नाही. मिस्त्रींना तंबी मिळाली. सहदेवाला पाच वर्षं.

बाहेर निंबाखाली जयवंता उभी होती. तिला कुणी काय सांगितलं, किती सांगितलं, देव जाणे. ती रडत नव्हती. मिस्त्रींना पाहून ती पुढे आली.

"खोळ भेटन का जी आता?"

शेषराव मिस्त्री तिच्या पायाशी मटकन खाली बसले आणि सगळं बोलले. भट्टीचं, पंचनाम्याच्या खोट्याचं, रात्रीचं. तिनं ऐकून घेतलं. झेंडूची रिकामी पिशवी घडी करून कमरेला खोवली आणि मोटारीच्या अड्ड्याकडे चालू लागली.

त्या दिवसापासून मिस्त्रींना एकच ध्यास लागला. दुकान बंदच होतं. शिवाय हातही साथ देईनासे झाले होते. खिळा उचलायला जावं तर निसटायचा, भांडं धरावं तर सटकायचं. तंबी बसल्याचा धसका, असं दुर्गाबाई म्हणायची. दयेचा अर्ज करायची मुदत फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत होती. महादेवरावांनी अर्ज लिहिला आणि त्याला मिस्त्रींचं शपथपत्र जोडायचं ठरलं. त्यात मिस्त्रींनी काही लपवलं नाही. लोक वेडा म्हणतील तर म्हणोत, तुरुंगात घालतील तर घालोत, पण नंबर खरा होता आणि पोरगा निर्दोष आहे, एवढं कागदावर यावं. सहदेव अकोल्याच्या तुरुंगात होता, म्हणून कागद अकोल्यातच दाखल करायचा होता. महादेवराव तापानं पडलेले. मिस्त्रींना घेऊन किसनराव गेले. मुदतीचा शेवटचा दिवस होता.

आधी त्यांनी सहदेवाची भेट घेतली. जाळीपलीकडून पोरगा म्हणाला, "मिस्त्रीजी, माय म्हने तुमी आपल्यासाठी लय झटले." जयवंतानं पोराला खोळीबद्दल काहीच सांगितलं नव्हतं.

मग दोघे कचेरीत गेले. कारकून म्हातारा, चष्म्याला दोरा बांधलेला, कामात चोख. त्यानं कागद वाचला. एकदा मिस्त्रींकडे पाहिलं. सहीची जागा बोटानं दाखवली. मिस्त्रींनी सही केली.

"आता अंगठा," तो म्हणाला. "तंबी मिळालेल्या साक्षीदाराचं शपथपत्र आहे, नुसत्या सहीवर घेता येत नाही."

त्यानं मिस्त्रींचा डावा अंगठा धरला, शाईच्या गादीवर दाबला, कागदावर टेकवला आणि उचलला.

कागदावर एक काळा गोल होता.

शाई जास्त झाली म्हणून त्यानं अंगठा पुसला. कमी शाई लावली. पुन्हा टेकवला. पुन्हा काळा गोल. मग उजवा घेतला. मग किसनरावांनी स्वतः मिस्त्रींचं मनगट धरलं, अंगठा खाडकन न दाबता हळूच एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवला, मुन्शीगिरीत हजारो वेळा फिरवला होता तसा.

काळं. सपाट. एक रेघ नाही.

कारकुनानं अंगठे उजेडात धरून पाहिले. जखम नव्हती, वण नव्हता, भाजल्याची खूण नव्हती. कातडी काचेसारखी गुळगुळीत होती, थोडी आत गेलेली. त्यानं हात सोडून दिला आणि आपली बोटं धोतराला पुसली.

"हे घेता येत नाही," तो म्हणाला. त्याला वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. "हा माणूस कोण, हे मी कशावरून ठरवू?"

मिस्त्री आपल्या दोन्ही अंगठ्यांकडे बघत राहिले. पाच वाजले, कचेरीची दारं लागली, तरी ते बघतच होते.

सहदेवानं पाचही वर्षं काढली. तो सुटून आला तेव्हा घरी जयवंता उरली नव्हती.

आणि तो कागद परत आला तो किसनरावांच्याच पेटीत राहिला. त्यावर शेषराव मिस्त्रींची सही आहे, आणि सहीखाली चार काळे गोल.